बारा वेशींचं गाव

प्रभूच्या नावानं जमलेल्या यात्रेकरू मंडळी, नमन झालं, पद झालं, टाळकऱ्यांनी दम घेतला. आता निरूपण ऐका. वचन घेतलं आहे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं. त्याचा भाव असा, की इथे आपल्याला कायमचं टिकणारं नगर नाही. जे येणार आहे त्या नगराचा आपण शोध करतो आहोत. वचन लहान आहे. पण त्याच्या आधीच्या दोन ओळी वगळून ते वाचू नये. त्या ओळी मी मागाहून घेणार आहे, कारण खरी गोम तिथेच आहे.

तुम्ही कोणी दोन दिवस चालत आलात, कोणी चार. वाटेत पाणी देणाऱ्यानं, चहा देणाऱ्यानं काय विचारलं? गाव कोणतं? आपल्याकडे माणसाचं नाव नंतर, गाव आधी. मुंबईच्या चाळीत तीस वर्षं काढलेला गिरणी कामगारसुद्धा गाव विचारलं की लालबाग सांगत नसे. तो सातारा सांगे, संगमेश्वर सांगे. पोट एका जागी, गाव दुसऱ्या जागी. हाच प्रश्न ख्रिस्ती माणसाला विचारला, की बाबा, तुझं गाव कोणतं, तर शास्त्र त्याच्या तोंडी उत्तर घालतं ते असं: माझं गाव अजून यायचं आहे.

हे ऐकून कोणी हसेल. हसू द्या. कारण या उत्तराचा एक वाईट अर्थही निघतो, आणि तो आपल्याच लोकांनी काढला आहे. इथलं काहीच आपलं नाही, मग इथे काही का होईना! वस्तीला पाणी नाही, चालेल. शाळेत मास्तर नाही, चालेल. शेजारच्या घरात बाईला मारहाण चालली आहे, तर घरात बसून प्रार्थना करू. वर गेल्यावर सगळं ठीक होईल. असं बोलणाऱ्याला मी यात्रेकरू म्हणणार नाही. तो फलाटावर झोपलेला माणूस आहे. गाडी कोणती हेही त्याला ठाऊक नाही. ज्या लोकांनी त्या नगराची खरी आस धरली त्यांची चाल अशी नव्हती. आधी अब्राहामाकडे जाऊ.

अब्राहाम मूळचा ऊर नगरचा. ऊर म्हणजे काही खेडं नव्हे. आजच्या इराकमधलं, विटांच्या पक्क्या घरांचं, मोठ्या मंदिराचं नगर. त्या मंदिराचा चौथरा अजून उभा आहे. असलं नगर मागे टाकलेला हा माणूस हारानातून देवाच्या शब्दावर पुढे निघाला तेव्हा त्याचं वय 75. देवानं सांगितलं, हा देश तुझ्या संततीला देईन. आणि त्या देशात पोचल्यावर अब्राहाम राहिला कशात? तंबूत. मुलगा झाला, तो तंबूत. नातवंडं झाली, ती तंबूत. तुमच्यात ऊसतोडीला जाणारे असतील. कोपी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीनंतर उभी करायची, पट्टा पडला की मोडायची. कोपीला दार नसतं आणि रेशनकार्डावर तिचा पत्ता चढत नाही. तंबूचंही तेच. तंबूला खुंट्या असतात, पाया नसतो. म्हणून इब्रीकरांच्या पत्रात अब्राहामाविषयी जे म्हटलं आहे ते नेमकं आहे: तो पाये असलेल्या नगराची वाट पाहत होता. तंबूतच राहून ज्याचं आयुष्य गेलं, त्याला नगराचे मनोरे नाही आठवले, बाजार नाही आठवला. त्याला पाया हवा होता.

मग सारा वारली. 127 वर्षांची होऊन वारली, हेब्रोनात. मंडळी, उत्पत्तीचा तेविसावा अध्याय तुम्ही घरी जाऊन वाचा. ज्याला देवानं अख्खा देश देऊ केला, त्याच्याजवळ बायकोला मूठमाती द्यायला हातभर जमीन नाही! तो मयतापासून उठतो आणि हेथाच्या लोकांपुढे उभा राहतो. कुठे? नगराच्या वेशीत. त्या काळी खरेदी, साक्षी, न्यायनिवाडा सगळं वेशीत चाले. उभा राहून म्हणतो, की मी तुमच्यात परका आहे, उपरा आहे, मला मयत ठेवायला जागा विकत द्या.

एफ्रोन नावाचा मालक. तो आधी म्हणतो, अहो, विकत कसली घेता, फुकट घ्या! असं म्हणणारा माणूस आपल्यालाही माहीत आहे. मग हळूच बोलण्यात बोलणं घालतो, की जमिनीची किंमत 400 शेकेल रुपे. पण तुमच्या-माझ्यात तेवढ्याचं काय एवढं? अब्राहामाला कळलं. त्यानं घासाघीस केली नाही. मयत घरात असताना घासाघीस कोण करतो? व्यापाऱ्यांत चालणारं रुपं सर्वांदेखत तोलून दिलं. किंमत भारी होती, याचा अंदाज हवा असेल तर सांगतो: पुढे कित्येक शतकांनी यिर्मया संदेष्ट्यानं भावाबंदाचं शेत घेतलं ते 17 शेकेलांत. पण अब्राहामानं 400 मोजले आणि मकपेलाची गुहा, शेत, शेताच्या बांधावरची झाडं, सगळं नावावर करून घेतलं. शास्त्रात झाडांसकट नोंद आहे, तलाठ्यानं करावी तशी. देश देऊ केलेल्या माणसाची त्या देशातली पहिली मालकीची जागा म्हणजे बायकोची कबर.

आता सांगा, हा माणूस येणाऱ्या नगराची आस धरून होता म्हणून इथल्या गोष्टीत ढिला होता का? नाही. त्यानं माणसाचं माती देण्याचं काम नीट केलं, व्यवहार चोख केला, साक्षीदार ठेवले. आणि तरी त्या मालकीच्या कबरीला तो घर म्हणाला नाही. परत तंबूत गेला. पत्रकर्ता एक फार बारीक गोष्ट टिपतो. म्हणतो, मागे सोडलेल्या देशाचीच त्यांना ओढ असती तर परतायला वाट मोकळी होती. ऊरचा रस्ता काही कोणी बंद केला नव्हता. पण ते परतले नाहीत. म्हणून देवाला त्यांचा देव म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही. त्यानं त्यांच्यासाठी नगर तयार केलं आहे.

(पद)

दुसरी गोष्ट पौलाची, थोडक्यात सांगतो. फिलिप्पै हे गाव मासेदोनियात, पण ती रोमी लोकांची वसाहत. लढाया संपल्यावर रोमी शिपायांना तिथे जमिनी देऊन वसवलेलं. रोम कित्येक दिवसांच्या वाटेवर; तिथल्या पुष्कळांनी जन्मात रोम पाहिलं नसेल. तरी ते स्वतःला रोमचे नागरिक म्हणवत, रोमचा कायदा चालवत, रोमचा तोरा मिरवत. त्याच गावात पौलाला विनाचौकशी छड्या मारल्या होत्या आणि खोड्यात घातलं होतं. आणि तो तर स्वतः रोमी नागरिक! दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर अधिकाऱ्यांची गाळण उडाली. तर अशा गावच्या मंडळीला पौल पुढे तुरुंगातून लिहितो, की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. फिलिप्पैकरांना अर्थ सांगायची गरजच नव्हती. नागरिक असणं म्हणजे सामान बांधून तिकडे पळणं नव्हे. राहायचं फिलिप्पैतच, पण वागायचं त्या नगराच्या कायद्यानं. म्हणजे स्वर्गाचा कायदा उद्या सकाळी तुमच्या गल्लीत चालवायचा आहे, आणि ते जड आहे.

आता त्या नगराकडे येऊ. योहान पात्म बेटावर होता, वचनापायी. समुद्रानं वेढलेलं खडकाळ बेट. त्याला जे दाखवलं ते बायबलच्या अगदी शेवटच्या पानांवर आहे. त्यातली एक गोष्ट लोक नेहमी उलटी सांगतात, म्हणून आधी तिच्याबद्दल. आपण म्हणतो, आपण वर जाणार. योहानानं पाहिलं, की नगर खाली येतं आहे. देवापासून, स्वर्गातून, नवऱ्यासाठी सजलेल्या नवरीसारखं खाली येतं आहे. देवाचा डेरा माणसांजवळ पडतो. आणि पहिलं काम काय? डोळे पुसणं. लहान मूल रडून आलं की आई जे आधी करते तेच.

देवदूताच्या हातात सोन्याची काठी, तो नगर मोजतो. लांबी 12,000 स्टेडिया, रुंदी तेवढीच आणि उंचीही तेवढीच. आपल्या मापानं साधारण 2,200 किलोमीटर. मुंबईहून आगगाडीनं कोलकात्याला जा, दीड दिवस लागतो, तरी त्याची एक बाजू संपत नाही. आणि भिंत? भिंत 144 हात. आता गंमत पाहा. आभाळात 2,200 किलोमीटर चढलेल्या नगराला भिंत 144 हातांची. मोठमोठ्या पंडितांनी इथे डोकं खाजवलं आहे. मला शेतकऱ्याच्या भाषेत सुचतं ते असं, की हे कुंपण नाही, हा बांध आहे. बांध हद्द दाखवतो. तो काही कोणाला अडवायला घातलेला नसतो.

त्या भिंतीला बारा वेशी. पूर्वेला तीन, उत्तरेला तीन, दक्षिणेला तीन, पश्चिमेला तीन. एकेक वेस एकेका मोत्याची. वेशींवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावं, पायांवर बारा प्रेषितांची नावं. पाहा, अब्राहामाला हवे होते ते पाये इथे आहेत, एक नव्हे, बारा. आणि प्रत्येक वेशीवर एक देवदूत.

इथे थांबा. आपण महाराष्ट्रातली माणसं आहोत. वेस म्हणजे काय आणि गावकूस म्हणजे काय हे पुस्तकातून शिकलो नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावांना भिंत होती, भिंतीला वेस होती, रात्री वेस लागायची. वेशीवर राखण कोणाची? वेसकराची. वेसकर कोण? महार. त्याच्या काठीच्या भरवशावर गाव झोपायचं. आणि वेसकराचं घर कुठे? गावकुसाबाहेर. ज्यानं वेस राखायची त्यानं वेशीच्या आत राहायचं नाही! मांगवाडा बाहेर, महारवाडा बाहेर, आणि वारा कुठून वाहतो ते पाहून दिशासुद्धा ठरलेली, की यांच्या अंगावरचं वारं गावाला लागू नये.

चोखोबांचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला वेठीला धरले होते, काम करता करता भिंत कोसळली, आणि तो देवाचा भक्त त्याच भिंतीखाली गेला. ज्या भिंतीनं त्याला जन्मभर बाहेर ठेवलं, तीच त्याच्या अंगावर पडली. हाडं नामदेवांनी आणली असं संत सांगतात, आणि समाधी झाली महाद्वाराशी. पायरीच्या आत नाही. पुढे सहाशे वर्षांनी, 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा ते दार हरिजनांना उघडलं. मी हे दुसऱ्याचं उणं काढायला सांगत नाही. आपल्या घरातलं पुढे सांगणार आहे, तेव्हा कोणी खाली मान घालू नका.

आता त्या दोन ओळी घेतो, ज्या मी राखून ठेवल्या होत्या. पत्रकर्ता म्हणतो, येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं. वेशीबाहेर! गुलगुथा यरुशलेमाच्या भिंतीच्या बाहेर. जन्मला तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती, मेला तेव्हा गावात जागा नव्हती. आणि पुढे म्हणतो, तर चला, आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ, त्याची अप्रतिष्ठा सोसत. मगच ते वचन येतं, की इथे आपल्याला टिकणारं नगर नाही. लक्षात आलं का? येणाऱ्या नगराची वाट गावाच्या मधल्या चौकातून जात नाही. ती गावकुसाबाहेरून जाते. तिथे ज्याचा खांब उभा होता, तोच त्या नगराचा दिवा आहे. म्हणून आपले वाडवडील, जे गावकुसाबाहेरच राहत होते, त्यांनी जेव्हा ही सुवार्ता ऐकली तेव्हा त्यांना ती लांबच्या देशाची वाटली नाही. कोणीतरी आपल्या वस्तीत येऊन बसलं आहे, असं वाटलं असणार.

(पद)

त्या नगरात मंदिर नाही. यात्रेकरूंनो, दर्शनाच्या रांगेत पाय दुखलेल्यांनो, ऐका: मंदिर नाही. योहान स्वतः यहूदी. यरुशलेमाचं मंदिर म्हणजे त्याच्या लोकांचा प्राण. त्या मंदिराची रचना कशी होती? सर्वांत बाहेर परराष्ट्रीयांचं अंगण. त्यांनी पुढे यायचं नाही; आलात तर मरणाला तुम्हीच जबाबदार, अशी ताकीद दगडावर कोरली होती. तो दगड 1871 साली यरुशलेमात सापडला आहे. आत स्त्रियांचं अंगण. त्याच्या आत इस्राएलाच्या पुरुषांचं. त्याच्या आत याजकांचं. आणि अगदी आत परमपवित्रस्थान, म्हणजे गाभारा. तिथे एकट्या प्रमुख याजकानं जायचं, वर्षातून एक दिवस. शलमोनानं बांधला तो गाभारा 20 हात लांब, 20 हात रुंद, 20 हात उंच. लांबी, रुंदी, उंची सारखी. दुसरं कशाचं माप असं सारखं आहे? आत्ताच सांगितलं: त्या नगराचं. म्हणजे नगरात मंदिर नाही याचं कारण अख्खं नगरच गाभारा झालं आहे. अंगणं गेली. ज्या ठिकाणी एकच माणूस एकच दिवस जाई, तिथे आता लोक राहतात, नदीचं पाणी पितात, झाडाची फळं खातात. त्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. झाडपाल्याचं औषध आपल्या आयाबायांना ठाऊक आहे. तिथे ते राष्ट्रांना लागू पडतं.

आणि वेशी? दिवसा लागत नाहीत. आणि रात्र तर तिथे नाहीच. म्हणजे वेस कधीच लागत नाही. मग देवदूत कशाला उभे? वेसकराचं काम राखणीचं. इथे राखायचं काही उरलं नाही. मला वाटतं, ते आत येणाऱ्यांना रामराम करायला उभे असावेत. हे माझं म्हणणं, शास्त्रात नाही; सोडून दिलंत तरी चालेल.

पण एक गोष्ट शास्त्रात आहे आणि ती सोडता येणार नाही. काहीतरी त्या नगराच्या बाहेर राहतं. विटाळाचं काहीही आत जाणार नाही असं लिहिलं आहे. विटाळ शब्द आला की आपले कान टवकारतात, कारण तो शब्द आपल्या पाठीवर बसलेला आहे. म्हणून नीट वाचा, तिथे विटाळ कशाला म्हटलं आहे. खुनाला. खोट्याला, खोटं बोलणं आणि खोट्याची आवड. जन्माचा विटाळ त्या यादीत नाही. धंद्याचा नाही, हाडाचा नाही, बाईच्या महिन्याचा नाही. प्रत्येक वंशाची, प्रत्येक भाषेची माणसं राजासनापुढे उभी आहेत, हे योहानानं आधीच पाहिलं आहे. मराठी त्यात आलीच.

आता घरातलं बोलतो. आपल्यात लग्न ठरवताना काय विचारतात? मुलगी शिकलेली आहे, मंडळीतली आहे, प्रार्थनेला येते. सगळं झालं की आतल्या खोलीत हळूच विचारतात: "मूळचे कोण?" तीन-चार पिढ्या बाप्तिस्म्याच्या झाल्या तरी मूळ विचारायचं! तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत आहे; एका बाजूला यांचे मयत, दुसऱ्या बाजूला त्यांचे. अरे, ज्यांच्या छातीवर तुम्ही क्रूस उभा केला त्यांच्यामध्ये भिंत घातलीत? पुनरुत्थानाच्या दिवशी ते उठून बसतील तेव्हा आधी ही भिंत पाहतील, आणि बाराच्या बारा वेशी उघड्या असलेल्या नगराकडे जायला आधी ही ओलांडतील. मला त्या मयतांची काळजी नाही. ती भिंत बांधणाऱ्यांची आहे.

उत्तररंगाला आख्यान लावलं आहे पंडिता रमाबाईंचं.

रमाबाई जन्मल्या 1858 साली, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, हा त्यांचा गुन्हा. पुढे सगळं कुटुंब तीर्थाटनाला निघालं ते निघालंच. या तीर्थाहून त्या तीर्थाला. देवळाच्या ओसरीवर पुराण सांगायचं, श्रोते जे ठेवतील त्यावर गुजराण करायची. तुम्ही यात्रेला आलात, परवा घरी जाल. त्या मुलीला परवा नव्हता. तिचं बालपण म्हणजे वाट. गाव कोणतं असं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तिनं?

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते देवाधर्मात आणि पोटात गेलं. शास्त्र शिकलेल्या घरात भीक मागायची सवय नाही, मोलमजुरीची नाही. रानातला पाला खाल्ला. वडील गेले. मरणापूर्वी त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून देह पुरायचा. पण उचलायला माणूस मिळेना. मुलानं, श्रीनिवासानं, धोतरात गाठोडं बांधावं तसा बापाचा देह बांधला आणि दोन मैल एकट्यानं नेला. थोड्याच काळानं आई गेली. स्मशान तीन मैल. महत्प्रयासानं दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ, आणि चौथा खांदा? चौथा खांदा रमेचा. वयानं कोवळी, अंगानं ठेंगणी. तिचा खांदा बाकीच्यांच्या खांद्याला पोचेना. तेव्हा तिनं आईची तिरडी डोक्यावर घेतली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे, अगदी साध्या शब्दांत.

मंडळी, मघाशी आपण अब्राहामाला वेशीत उभा पाहिला, बायकोसाठी जागा मागताना. त्याच्याजवळ 400 शेकेल होते. या पोरीजवळ डोकं होतं.

मग बहीणही गेली. दोघं भावंडं अनवाणी चालत उत्तरेला निघाली आणि 1878 साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्या पाहून पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. मान मिळाला, पण घर टिकेना. भाऊ गेला. लग्न केलं बिपिनबिहारी मेधावींशी, दोन वर्षांच्या आत तेही गेले. मांडीवर मनोरमा. इतकी मरणं पाहिलेली बाई 1883 साली इंग्लंडात गेली.

तिथे लंडनजवळ फुलहॅमला तिला एक आश्रम दाखवला. समाजानं टाकलेल्या, वाट चुकलेल्या म्हणून हिणवलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी तिथे सांभाळत. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायकांना घराबाहेर काढतात हे ठाऊक होतं. आत घेतात हे पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीनं तिला शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. याकोबाची विहीर, भर दुपार, पाण्याला एकटीच आलेली बाई, जिच्या हातचं पाणी यहूदी पीत नसत. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. विहिरीवर कोण कोणाच्या हातचं पाणी पितो, हे रमाबाईंना समजावून सांगायला नको होतं. त्या गोष्टीत पुढे ती बाई विचारते, की खरी उपासना कुठे? आमच्या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमात? हा अनंतशास्त्र्यांच्या लेकीचाच प्रश्न. जन्म गेला होता या डोंगरावरून त्या डोंगरावर. येशूचं उत्तर असं, की वेळ येते आहे, आलीच आहे, की या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमातही नाही. जे पित्याला आत्म्यानं आणि खरेपणानं भजतात त्यांनाच पिता शोधत आहे. इतके दिवस ती देवाला शोधत चालली होती. इथे ऐकलं की कोणी तिला शोधतं आहे. त्याच वर्षी तिनं बाप्तिस्मा घेतला.

परत आल्यावर पुण्यात काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मी सांगत बसत नाही. मिशनऱ्यांनाही ती पुरती पटली नाही; स्वतःच्या डोक्यानं चालणारी बाई कोणाला पुरती पटते? 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात पोरी, लहान विधवा, रस्त्यावर पडल्या होत्या. रमाबाईंनी तो दुष्काळ अंगानं ओळखला. स्वतः गेल्या आणि शेकडो पोरी घेऊन आल्या. दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रुळाजवळ, केडगावला, माळरानावर त्यांना ठेवलं. विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, छापखाना घातला. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी पोरी आल्या. जागेचं नाव मुक्ती. यशयाच्या साठाव्या अध्यायात देवाच्या नगराविषयी लिहिलं आहे, की त्याच्या वेशी रात्रंदिवस उघड्या राहतील आणि त्याच्या भिंतींना तारण असं नाव पडेल. भिंतीचं नाव तारण! ज्या देशात भिंतीचं नाव दुसरंच काही होतं, तिथे एका बाईनं केडगावच्या माळावर अशी भिंत घालून दाखवली. कोणत्या जातीची पोर, कोणाची कोण, किती उवा, कसली खरूज, हे सगळं आत आल्यावर. आधी आत.

आणि म्हातारपणी हिब्रू, ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या बोलीत. छापायचं काम मुक्तीतल्याच पोरी करत. 1921 साली मनोरमा गेली, शेवटचं माणूस गेलं. रमाबाई तपासणीचे कागद घेऊन बसल्याच. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले, तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं.

आईची तिरडी डोक्यावर घेऊन तीन मैल चाललेल्या त्या पोरीला गाव मिळालं, ते असं. त्याच्या वेशी तिनं स्वतः उघड्या ठेवल्या.

आता टाळ घ्या. शेवटचं भजन उभ्यानं म्हणू, मग प्रार्थना, मग प्रसादाच्या पंगती. पंगतीला बसताना शेजारी कोण येतं ते पाहून जागा बदलू नका. नाव विचारा, गाव विचारा. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया पहिल्या पंगतीला बसतील. मंडपाच्या चारी बाजूंच्या कनाती सोडल्या आहेत; ज्याला जिकडून सोयीचं त्यानं तिकडून यावं.